रूडोल्फ फिरखो

रूडोल्फ लुडविग कार्ल फिरखो (१३ ऑक्टोबर १८२१ – ५ सप्टेंबर १९०२) हे जर्मन वैद्य, विकृतिशास्त्राचे प्राध्यापक, मानवशास्त्रज्ञ व उदारमतवादी राजकारणी होते. पेशी हेच रोगाचे मूळ स्थान होय, या सिद्धांतामुळे त्यांना आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. बर्लिनच्या नगरपरिषदेत ते चार दशकांहून अधिक काळ, प्रशियाच्या प्रतिनिधिगृहात सुमारे चार दशके आणि जर्मन साम्राज्याच्या संसदेत, म्हणजे राइखस्टागमध्ये, १८८० ते १८९३ या काळात सदस्य होते. साथीच्या रोगांची कारणे समाजव्यवस्थेतही असतात, म्हणून त्यांवरील उपाय कायदे व प्रशासन यांतूनही व्हावा लागतो, हे त्यांच्या राजकीय कार्यामागील सूत्र होते.

प्रारंभिक जीवन

फिरखो यांचा जन्म प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात शिफेलबाइन (आजचे पोलंडमधील श्विद्विन) या गावी झाला. १८३९ मध्ये त्यांनी लष्करी वैद्यांना शिक्षण देणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत प्रवेश घेतला. १८४३ मध्ये पदवी मिळाल्यावर ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात रुजू झाले. पांढऱ्या पेशी अमर्याद वाढणाऱ्या रक्तविकाराचे वर्णन त्यांनी १८४५ मध्ये केले व पुढे त्यास ल्युकेमिया हे नाव दिले. रक्तवाहिनीत तयार झालेली गुठळी सुटून प्रवाहाबरोबर दूर जाते व तेथे अडकते, हेही त्यांनी दाखवून दिले. १८४७ मध्ये बेन्नो राइनहार्ट यांच्यासह त्यांनी विकृतिशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले.

सिलेशियातील साथ आणि १८४८ ची क्रांती

१८४७–४८ च्या हिवाळ्यात अप्पर सिलेशिया या प्रशियातील प्रदेशात दुष्काळापाठोपाठ टायफसची साथ पसरली. शासनाने फेब्रुवारी १८४८ मध्ये फिरखो यांना पाहणीसाठी पाठविले. सुमारे तीन आठवड्यांच्या या दौऱ्यात त्यांना भुकेले, निरक्षर व दाटीवाटीने राहणारे पोलिश भाषक शेतकरी दिसले. शासनाला वैद्यकीय सूचना अपेक्षित होत्या. फिरखो यांच्या अहवालात मात्र लोकशाही, सार्वत्रिक शिक्षण, पोलिश भाषेला शासनमान्यता, धर्मसंस्था व शासन यांची फारकत, रस्तेबांधणी, शेतीसुधारणा आणि गरिबांवरील करांचा भार श्रीमंतांकडे वळविणे अशा शिफारशी होत्या. सामाजिक वैद्यकाच्या इतिहासात हा अहवाल पायाभूत मानला जातो.

ते परतले त्याच महिन्यात बर्लिनमध्ये क्रांती झाली. फिरखो रस्त्यावरील अडथळ्यांच्या लढाईत सहभागी झाले. प्रशियाच्या राष्ट्रीय सभेवर त्यांची निवड झाली, परंतु वय कमी असल्याने त्यांना जागा घेता आली नाही. रूडोल्फ लॉयबुशर यांच्यासह त्यांनी वैद्यकीय सुधारणांना वाहिलेले साप्ताहिक काढले. वैद्यक हे एक सामाजिक शास्त्र असून राजकारण हे व्यापक प्रमाणावरील वैद्यकच होय, अशी भूमिका त्यांनी त्यातून मांडली. क्रांती फसल्यावर १८४९ मध्ये शारिटेतून त्यांना दूर करण्यात आले.

अध्यापन व संशोधन

१८४९ मध्येच बव्हेरियातील वुर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. राजकीय चळवळीपासून दूर राहण्याचे आश्वासन त्यांना द्यावे लागले. पुढील सात वर्षे त्यांनी संशोधन व अध्यापन यांनाच वाहून घेतली. १८५६ मध्ये ते बर्लिनला परतले व नव्या विकृतिशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. १८५८ मध्ये त्यांची वीस व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे तत्त्व या ग्रंथामुळे सर्वत्र पोहोचले. मात्र ते रॉबर्ट रेमाक यांनी आधीच मांडले होते व फिरखो यांनी त्याचे पुरेसे श्रेय दिले नाही, अशी टीका होते. १८९२–९३ मध्ये फिरखो बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर होते.

बर्लिन नगरपरिषदेतील कार्य

१८५९ मध्ये ते बर्लिनच्या नगरपरिषदेवर निवडून आले व मृत्यूपर्यंत सदस्य राहिले. त्या काळी शहराचे सांडपाणी उघड्या गटारांतून वाहत असे. सांडपाण्याच्या प्रश्नावरील समितीत फिरखो यांनी आरोग्यविषयक बाजू मांडली आणि अभियंता जेम्स होब्रेख्ट यांनी आराखडा केला. शहराचे बारा विभाग पाडून प्रत्येक विभागातील सांडपाणी पंपांनी शहराबाहेरील शेतांत नेण्याची ही योजना होती. तिचे बांधकाम १८७३ मध्ये सुरू झाले. १८७४ मध्ये फ्रीडरिखशाइन येथे बर्लिनचे पहिले नगरपालिकेचे रुग्णालय उघडले. त्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या ट्रायकिना कृमीचा अभ्यास केल्यावर त्यांनी मांसतपासणी सक्तीची करण्याचा आग्रह धरला.

संसदीय कारकीर्द

१८६१ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन प्रगतिशील पक्षाच्या संस्थापकांत इतिहासकार थिओडोर मोमसेन यांच्यासह फिरखोही होते. प्रशियाच्या प्रतिनिधिगृहात ते पंतप्रधान ओटो फॉन बिस्मार्क यांचे प्रमुख विरोधक ठरले. सैन्यावरील खर्चास गृहाची संमती मिळत नसताना बिस्मार्क अंदाजपत्रकाविनाच कारभार चालवीत होते. फिरखो यांनी संसदेच्या आर्थिक अधिकाराचा आग्रह धरला. जून १८६५ मध्ये त्यांनी बिस्मार्क यांच्या सत्यनिष्ठेबद्दल शंका घेतली, तेव्हा बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते नाकारले. शस्त्र म्हणून त्यांनी कृमियुक्त सॉसेज सुचविल्याची कथा प्रसिद्ध आहे, पण तिला समकालीन आधार नाही. १८६९ मध्ये त्यांनी लष्करी खर्चकपात व निःशस्त्रीकरणाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

१८८१ च्या राइखस्टाग निवडणुकीत त्यांनी बर्लिनमध्ये ज्यूविरोधी चळवळीचे नेते आडोल्फ श्टोकर यांचा पराभव केला. १८८६ मध्ये त्यांनी सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांचे केस, डोळे व त्वचा यांच्या रंगाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ ३२ टक्क्यांच्या आसपास जर्मन मुले गौरवर्णी, सोनेरी केसांची व निळ्या डोळ्यांची आढळल्याने शुद्ध जर्मन वंशाच्या कल्पनेला धक्का बसला.

टीका

कॅथलिक चर्चविरुद्धच्या बिस्मार्क यांच्या मोहिमेला फिरखो यांनी पाठिंबा दिला. तिला रूढ झालेले 'कुल्टुरकाम्फ', म्हणजे संस्कृतिसंघर्ष, हे नाव त्यांनीच १८७३ मध्ये प्रचारात आणले. या मोहिमेत धर्मगुरूंवर झालेली दडपशाही व त्यांची स्वातंत्र्यवादी भूमिका यांतील विसंगती अभ्यासकांनी दाखविली आहे. सामाजिक कारणांवर भर देताना रोगजंतूंचे महत्त्व मान्य करण्यास ते दीर्घकाळ कचरले. निअँडरथल सांगाड्याची वैशिष्ट्ये रोगामुळे आली आहेत, हा त्यांचा निष्कर्षही चुकीचा ठरला.

मृत्यू व वारसा

जानेवारी १९०२ मध्ये बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते बरे झाले नाहीत व ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. बर्लिनमध्ये १९०६ मध्ये सुरू झालेल्या नगरपालिकेच्या रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. दारिद्र्य, निवास व शिक्षण यांचा आरोग्याशी असलेला संबंध अभ्यासणाऱ्या सामाजिक वैद्यकात त्यांच्या सिलेशिया अहवालाचा आजही आधार घेतला जातो.