धाग्यांनी थांबणारी साखळी

चेनसॉची साखळी पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे २० मीटर धावते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. १८ इंची पात असलेल्या यंत्राच्या साखळीवर साधारण ३४ दात असतात आणि एका सेकंदात ती पंधरा फेऱ्या मारते. मांडीला ती एक सेकंद टेकली तर पाचशे दात एकाच जागेवरून जातात. कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने मांस चिरले जाते. जखमेच्या कडा जुळवून टाके घालता येतात. चेनसॉ सहा-सात मिलिमीटर रुंदीची पट्टीच उकरून काढते आणि त्या खाचेत भुसा, वंगण आणि कपड्याचे तुकडे कोंबते. जुळवायला कडाच उरत नाहीत.

या दातांची घडण किड्याकडून घेतलेली आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे आळीपाळीने रंधा मारत होते. त्याच पद्धतीने आलटून-पालटून बसवलेले वाकडे दात कॉक्स यांनी साखळीला दिले आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक चेनसॉवर त्याच धर्तीचे दात असतात. आंब्याच्या खोडात भुसा सांडत शिरणारे भिरूड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या अळीचा गोतावळा माहीत आहे. लाकडात इतक्या सफाईने शिरणाऱ्या दातांपुढे माणसाची कातडी आणि सुती लेंगा म्हणजे काहीच नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे यंत्र ‘कटर’ किंवा ‘कटर मशीन’ या नावाने ओळखले जाते. बांधावरची बाभूळ, विहिरीकाठचा कडुलिंब, सुबाभूळ, निलगिरी, पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ, रस्ता रुंद करताना आड येणारी जुनी चिंच आणि वड, अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळी वाऱ्याने आडवी झालेली झाडे, असे कामाचे नाना प्रकार. हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे केले ते याच जिल्ह्यात. पण कुऱ्हाडबंदीच्या गावातही वाळलेले झाड उतरवावे लागते आणि घरावर कललेली फांदी छाटावी लागते. झाड तोडावे की नाही हा प्रश्न वेगळा; तोडायचे ठरल्यावर तोडणाऱ्याचा पाय शाबूत राहावा, याबद्दल दुमत असू नये.

जखमा कुठे होतात, यावरून साधने ठरतात. अमेरिकेत २००९ ते २०१३ या पाच वर्षांत चेनसॉच्या जखमा घेऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्यांची संख्या सुमारे १ लाख १६ हजार होती, असा अंदाज निघाला. त्यात हात-बोटे आणि गुडघा यांचे प्रमाण सर्वाधिक होते. फांद्या छाटताना यंत्र कमरेच्या खाली, पायांच्या अगदी जवळ फिरते. काप पूर्ण होऊन लाकूड तुटले की पुढचा आधार अचानक सुटतो आणि पात खाली झुलते. ती बहुधा डाव्या मांडीवर किंवा गुडघ्यावर येते.

म्हणून संरक्षक साधनांत पहिला मान चेनसॉ पँटचा. तिच्याकडे पाहिल्यावर अनेकांचा गैरसमज होतो, की कापड इतके चिवट असेल की दात त्यात शिरत नसतील. प्रत्यक्षात बाहेरचे कापड पहिल्या झटक्यात फाटते आणि ते फाटावे अशीच योजना असते. खरे काम आतल्या थरांचे. पॉलिएस्टर, नायलॉन किंवा अरामिड यांसारख्या अतिशय मजबूत, लांबलचक आणि मुद्दाम सैल ठेवलेल्या धाग्यांचे अनेक थर तिथे असतात. दात त्या धाग्यांना कापू शकत नाहीत, ओढून घेतात. ओढलेले धागे साखळीबरोबर यंत्राच्या पोटातल्या दातेरी चाकापर्यंत जातात, त्याला गुंडाळतात आणि चाक गच्च अडकते. सेकंदाच्या एका अंशात साखळी जागच्या जागी थांबते.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. रोटाव्हेटरच्या दात्यांना ठिबकची जुनी नळी किंवा मल्चिंगचा कागद गुंडाळला की एवढा दणकट ट्रॅक्टर चालू असूनही दाते माती फोडेनासे होतात. शेतात जो वैताग, तोच इथे जीव वाचवतो.

धागे सैल असण्यावर सगळे अवलंबून असल्याने या पँटची निगा साध्या कपड्यासारखी ठेवून चालत नाही. ती उसवली किंवा काट्याने फाटली की गावातल्या शिंप्याकडे आरपार शिलाई मारून घेण्याचा मोह होतो. त्या शिलाईने आतले धागे एकमेकांना जखडले जातात. ते ओढले जात नाहीत, फक्त कापले जातात. दुरुस्ती करायची तर बाहेरच्या कापडापुरतीच. ब्लीच आणि गरम इस्त्री धाग्यांची ताकद घालवतात, तर तेल आणि डिंकाने माखलेले थर एकमेकांना चिकटतात. साखळीचा फटका बसून थर एकदा ओढले गेले, की त्या पँटचे काम संपले. छिद्र कितीही लहान दिसो.

या कपड्यांसाठी युरोपात ‘ईएन ३८१’ आणि आता ‘आयएसओ ११३९३’ या मानकांनुसार वर्ग ठरवलेले आहेत. वर्ग ० मधील कपडा सेकंदाला १६ मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेला असतो, वर्ग १ चा २० मीटरवर, वर्ग २ चा २४ मीटरवर आणि वर्ग ३ चा २८ मीटरवर. यंत्राचा वेग त्याच्या पुस्तिकेत पाहून वर्ग निवडायचा. विजेवर चालणाऱ्या यंत्राबाबत मात्र सावध राहावे लागते. पेट्रोल इंजिनाचा क्लच चाक अडकताच घसरतो. विजेची मोटर शून्य वेगालाही पूर्ण जोर लावते आणि धागे ओढतच राहू शकते. पँट तिथेही घालायचीच, पण तिच्यावरचा भरवसा कमी धरायचा.

नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा इतक्या थरांची पँट घालणे सोपे नाही. उकाड्याने थकलेल्या माणसाचे लक्ष उडते, हाही धोकाच आहे. त्यावर उपाय म्हणजे चॅप्स नावाचे आवरण. ते नेहमीच्या पँटवर पुढून चढवून मागे पट्ट्यांनी बांधतात. पोटऱ्यांच्या बाजूने हवा खेळती राहते. जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्याला ते बहुतेक वेळा पुरेसे असते. काम सकाळी लवकर उरकणे हा दुसरा उपाय, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

चेनसॉच्या अपघाताचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे किकबॅक, म्हणजे पातीची उसळी. पातीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग दुसऱ्या एखाद्या फांदीला किंवा ओंडक्याला लागला, की साखळीचा वेग पातीलाच उलट दिशेने ढकलतो आणि ती वर, मागे, थेट चेहऱ्याकडे किंवा मानेकडे येते. हे सेकंदाच्या दहाव्या भागात घडते. मेंदूने पाहून हात हलवायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे चपळाई उपयोगी पडत नाही. म्हणून १९७० च्या दशकात साखळीला ब्रेक आला. पुढच्या मुठीसमोर एक आडवी पट्टी असते. उसळीत डाव्या हाताचे मनगट तिच्यावर आपटते, किंवा झटक्याच्या जडत्वाने ती स्वतःच पुढे पडते आणि साखळी थांबते. अंगठा मुठीखालून वळवून घट्ट धरलेला हवा. अंगठा मुठीवर ठेवला तर हात निसटतो. निसटलेला डावा हात साखळीवर पडू शकतो, म्हणून चेनसॉच्या हातमोज्यांत डाव्या हाताच्या पाठीवर तेच अडकवणारे धागे भरलेले असतात. मान झाकणारे खात्रीचे साधन नाही. तिथे संरक्षण फक्त उभे राहण्याच्या पद्धतीत आहे: पातीच्या सरळ रेषेत डोके न ठेवणे आणि खांद्याच्या वर यंत्र न उचलणे. गळ्यात लोंबणारे उपरणे किंवा टॉवेल साखळीने ओढला तर तो चेहऱ्यालाच साखळीकडे घेऊन येतो.

कानाचे नुकसान दिसत नाही, रक्त येत नाही, म्हणून त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पेट्रोल चेनसॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० ते ११५ डेसिबलच्या घरात असतो. डेसिबलचे मोजमाप पायरीपायरीने वाढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. अमेरिकेच्या नायोश या संस्थेने ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा घालून दिली आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगितले आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे मिळतात आणि १०९ डेसिबलला दोन मिनिटेही नाहीत. एक बाभूळ पाडून तुकडे करेपर्यंत कित्येक दिवसांचा वाटा संपलेला असतो. चांगला इअर मफ २० ते ३० डेसिबल कमी करतो, म्हणजे कानात जाणारी ऊर्जा शंभर ते हजार पटींनी घटते. कापसाचा बोळा त्या मानाने जवळजवळ निरुपयोगी. ऐकू येणे कमी होते ते आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या तीव्र स्वरांत. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने तिथेच असतात. माणूस बोलतोय हे कळते, काय बोलतोय ते कळत नाही. घरची माणसे म्हणतात, ‘लक्ष देत नाहीत.’ आतल्या कानातील केसांसारख्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

डोळ्यांसाठी हेल्मेटला जोडलेली जाळी आणि तिच्या आत पॉलिकार्बोनेटचा चष्मा, अशी दुहेरी सोय लागते. जाळी ढलप्या अडवते आणि घामाने धुके धरू देत नाही, पण बारीक भुसा तिच्यातून आरपार जातो. बांधावरच्या झाडांत जुने तारेचे कुंपण, रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे गिळले गेलेले असतात. दात त्यावर आदळला तर लोखंडाची कपची उडते. उन्हाचा गॉगल इथे चालत नाही.

हेल्मेट साखळीसाठी नसते, ते वरून पडणाऱ्या वाळक्या फांदीसाठी असते. भारतात त्यावर आयएसआय चिन्हासह ‘आयएस २९२५’ हा क्रमांक पाहावा. बाहेरचे कवच आणि आतले पट्टे यांच्यात जी मोकळी जागा असते, तीच खरी राखणदार: पट्टे ताणले जातात, धक्का थोड्या जास्त वेळावर पसरतो आणि मानेवरचा जोर उतरतो. त्या पोकळीत टॉवेलची घडी कोंबली की ही सोय जाते. आधीच आडव्या झालेल्या झाडाची फांदीही तितकीच घातक. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकून आत सरकले, तेव्हा उन्मळलेली झाडे हटवायला एनडीआरएफच्या तुकड्या चेनसॉ घेऊन उतरल्या होत्या. अशा पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या धनुष्यासारख्या असतात. चुकीच्या बाजूने कापल्या की सुटून तोंडावर येतात.

बुटांचे थोडक्यात: ‘आयएस १५२९८’ चे पोलादी टोपीचे सुरक्षा बूट २०० जूलचा आघात झेलतात, म्हणजे २० किलोचा ओंडका एका मीटरवरून पडावा एवढा. साखळीविरुद्धच्या बुटांचे मानक वेगळे, ‘आयएसओ १७२४९’. चपलेपेक्षा पहिला प्रकारही कितीतरी बरा.

कंपनाचा त्रास कोणत्याच कपड्याने पुरता टळत नाही. अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी १९१८ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील दगड घडवणाऱ्या कामगारांची पांढरी पडणारी बोटे तपासून हा विकार नोंदवला. पुढे तोच लाकूडतोड्यांत दिसला. उष्ण प्रदेशात बोटे पांढरी पडण्यापेक्षा मुंग्या आणि बधिरपणा अधिक जाणवतो. रबरी किंवा स्प्रिंगच्या आधारावर बसवलेल्या मुठी, धार लावलेली साखळी आणि अधूनमधून विश्रांती, एवढेच उपाय.

कारखान्यातल्या कामगाराला २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाना कायद्याचा आधार होता. बांधावर रोजंदारीने झाड पाडणारा त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हता; त्याच्या अंगावर काय असावे हे यंत्राचा मालक ठरवतो. म्हणून यंत्राची किंमत धरतानाच चॅप्स, जाळी आणि मफ असलेले हेल्मेट, हातमोजे आणि बूट यांची रक्कम तीत मिळवायला हवी. पैसे कमी पडत असतील तर पात दोन इंच लहान घ्यावी, चॅप्स सोडू नयेत.

ही सगळी साधने घालूनही एकट्याने काम करायचे नसते. अकोल्याच्या कड्याखालून दवाखाना गाठायला वेळ लागतो. मोठी धमनी कापली गेली तर रक्त मिनिटांत वाहून जाते. सोबत्याच्या खिशात मोठी स्वच्छ दाबपट्टी असावी; जखमेवर ती तळहाताने जोरात दाबून धरायची, वारंवार उचलून पाहायची नाही आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावायचा. जखमेत भुसा आणि माती गेलेली असते, म्हणून रक्त थांबले तरी दवाखान्यात जखम धुऊन धनुर्वाताची लस घ्यावी लागते.