चलन फाटलं की गाडीचा विमा महागतो का? हप्ता वाढण्याची खरी कारणं आणि वाचवण्याचे मार्ग

बेळगाव : सकाळी कोल्हापूर, दुपारी निपाणी आणि शनिवारी चोर्ला घाटातून गोवा. सीमाभागातल्या बऱ्याच गाड्या आठवड्यात तीन राज्यांचे रस्ते तुडवतात. साहजिकच तीन राज्यांच्या पोलिसांचे कॅमेरे त्यांना टिपतात. सीटबेल्ट नाही, वेग जास्त, चुकीच्या जागी पार्किंग. मोबाईलवर चलनाचा मेसेज येतो. पुढे विम्याचं रिन्यूअल आलं आणि रक्कम वाढलेली दिसली की घरात पहिला अंदाज निघतो, "त्या चलनामुळंच वाढला असणार." हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, आणि त्यामुळे खरं कारण बाजूलाच राहतं.

चलन आणि हप्ता : आज काय संबंध?

विमा नियामक आयआरडीएआयने नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी 2021 मध्ये एक मसुदा मांडला होता. वाहतूक नियम मोडणाऱ्या गाडीला गुण लावायचे, दारू पिऊन चालवल्यास 100, चुकीच्या पार्किंगला 10, आणि त्या गुणांनुसार जादा हप्ता घ्यायचा, अशी ती कल्पना. सुरुवात दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर करावी, असं सुचवलं होतं. गुण गाडीच्या नावावर जमा होणार, म्हणजे गाडी भाच्याने पळवली तरी भार मालकावर. मात्र ही शिफारस होती. सर्वसाधारण खासगी गाडीचा हप्ता आजही चलनं मोजून ठरत नाही.

मग वाढतो कशाने? त्यासाठी पॉलिसीचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात.

पहिला भाग थर्ड पार्टी. हा कायद्याने सक्तीचा, आणि त्याचा दर केंद्र सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या तक्त्यात 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897 रुपये असा वार्षिक दर होता. रिन्यूअलच्या वेळी लागू असलेला दर सगळ्या कंपन्यांना सारखाच, त्यामुळे इथे घासाघीस चालत नाही.

दुसरा भाग 'ओन डॅमेज', म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान. इथे कंपनीगणिक दर बदलतो आणि वाढ-घट मुख्यतः इथेच होते.

खरा फटका छोट्या क्लेमचा

वर्षभर क्लेम केला नाही, तर ओन डॅमेजच्या हप्त्यात 'नो क्लेम बोनस' मिळतो. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के. एक क्लेम केला की ही शिडी पुन्हा शून्यावर येते.

आता हिशेब बघा. ओन डॅमेजचा मूळ हप्ता 10,000 रुपये धरू आणि तो तेवढाच राहतो असं मानू. 50 टक्के बोनस असलेला मालक 5,000 भरतो. गल्लीत बंपर घासला, गॅरेजचं बिल 6,000 झालं. 1500 सीसीपर्यंतच्या कारला पहिले 1,000 रुपये मालकालाच सोसावे लागतात. वर प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. समजा हातात 3,500 पडले. पण पुढच्या वर्षी बोनस शून्य, म्हणजे 5,000 जादा. त्यानंतर 3,000, मग 2,500, 1,500 आणि 500. पाच वर्षांत मिळून 12,500 रुपये जास्त गेले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

म्हणून किरकोळ घासाघाशीचा खर्च खिशातून करावा आणि क्लेम मोठ्या नुकसानीसाठी राखावा. 'बोनस प्रोटेक्ट' हे ॲड-ऑन घेतलं असेल तर गणित बदलतं. त्यातून किती क्लेम चालतात ते आधी वाचून घ्यावं.

पासिंग कुठलं, त्यावरही दर

ओन डॅमेजच्या जुन्या तक्त्यात खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन विभाग आहेत. अहमदाबाद, बेंगळूरु, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि पुणे 'अ' विभागात. बाकी सगळा देश 'ब' मध्ये. बेळगाव, चिक्कोडी, कोल्हापूर, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा हे सगळे 'ब' मध्ये. 'अ'चा दर थोडा चढा. त्यामुळे पुणे पासिंगची सेकंडहँड गाडी बेळगावात आणून वर्षानुवर्षं तशीच चालवली, तर हप्ताही पुण्याच्या विभागाचा लागू शकतो. तसंही 12 महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की तिथला नंबर घेणं कायद्याने बंधनकारक आहे. विमा मात्र देशभर चालतो. हद्द ओलांडली म्हणून वेगळी पॉलिसी लागत नाही.

गाडी विकताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो. उलट, सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने जुन्या मालकाचा बोनस स्वतःचा म्हणून दाखवला, तर ऐन क्लेमच्या वेळी तो अंगाशी येतो.

हप्ता आटोक्यात ठेवण्यासाठी

- रिन्यूअलची तारीख चुकवू नये. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की साठलेला बोनस जातो.
- दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत. कंपनी बदलली तरी बोनस सोबत येतो.
- नुकसानीचा थोडा जास्त वाटा स्वतः उचलायची तयारी दाखवली, तर सूट मिळते. सांभाळून चालवणाऱ्याला हे परवडतं.
- पुण्याच्या एआरएआयने प्रमाणित केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं असेल, तर ती सूट आवर्जून मागावी.
- गाडी कमी फिरत असेल, तर 'जेवढी चालवाल तेवढं भरा' या प्रकारची चौकशी करावी. आयआरडीएआयने जुलै 2022 मध्ये त्याला वाट मोकळी केली.
- मालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीपासून असेल, तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही.

म्हणून चलन सोडून द्यायचं?

मुळीच नाही. हप्ता वाढला नाही तरी थकलेलं चलन गाडी नावावर करताना किंवा एनओसी काढताना आडवं येतं. शेजारच्या राज्यातली चलनं आपल्या राज्याच्या संकेतस्थळावर दिसतीलच असं नाही, म्हणून परिवहन खात्याचं ई-चलन पोर्टल आणि त्या-त्या राज्याच्या पोलिसांचं संकेतस्थळ, दोन्ही पाहावं. आरसीवर जुना मोबाईल नंबर असेल तर मेसेज येणारच नाही. तो आधी बदलावा. कर्नाटकात फेब्रुवारी 2023 आणि ऑगस्ट-सप्टेंबर 2025 मध्ये थकीत ई-चलनांवर 50 टक्के सवलत मिळाली होती. पण सवलतीची वाट बघत थकवत राहणं शहाणपणाचं नाही.

आणि हप्ता जड झाला म्हणून विमाच टाळणं हा सर्वांत महागडा मार्ग. विम्याशिवाय सापडल्यास पहिल्या वेळी 2,000 आणि पुढच्या वेळी 4,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. शिवाय अपघातात कुणी दगावलं, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकालाच मोजावी लागते. ती लाखांत असते, आणि तेव्हा घर-शेतावर येतं. ओन डॅमेज परवडत नसेल तर निदान थर्ड पार्टी तरी चालू ठेवावी. छोट्या कारला तिचा खर्च जुन्या तक्त्याप्रमाणे महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास, वर कर.