मकाऊ : कॅसिनोंच्या सावलीतलं जुनं गाव

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, हाँगकाँगपासून बोटीने तासाभराच्या अंतरावर मकाऊ आहे. जागा जेमतेम तेहतीस चौरस किलोमीटर, वस्ती सात लाखांच्या आसपास. २००६ साली या गावाने जुगाराच्या उलाढालीत लास वेगासला मागे टाकलं, आणि तेव्हापासून मकाऊ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त कॅसिनोच येतात. आम्ही हाँगकाँगला नातेवाइकांकडे जाणार होतो. तिथून दोन दिवस मकाऊ पाहून येऊ असं ठरलं, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी कपाळाला हात लावला. आमच्या खालाजान तर स्पष्टच म्हणाल्या, "बेटा, चांगलं माणूस तिथं बघणार काय?"

त्यांचा सवाल फेटाळण्यासारखा नव्हता. शराब आणि जुगार यांना सूरह अल-माइदामध्ये एकाच ठिकाणी मनाई आली आहे, हे आमच्या मदरशात जाणाऱ्या लहान मुलांनाही माहीत असतं. पण मकाऊ हे कॅसिनोंच्या आधीपासूनचं गाव आहे. १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज तिथे वसले आणि २० डिसेंबर १९९९ रोजी त्यांनी ते चीनला परत केलं. मधली साडेचार शतकं तिथे जे बांधलं गेलं, त्यातला जुना भाग २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आम्हाला ते पाहायचं होतं. त्यातही एक इमारत अशी होती की तिच्यासाठीच आम्ही निघालो म्हटलं तरी चालेल. तिच्याविषयी पुढे सांगतो.

बंदरावर उतरल्या उतरल्या पहिली परीक्षा समोर उभी राहते. मोठमोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या चकचकीत बसगाड्या रांगेने उभ्या असतात आणि प्रवाशांना फुकट घेऊन जातात. मुलगा म्हणाला, "फुकट आहे तर बसू या की, आत कुठे जायचंय आपल्याला?" पण या जगात फुकट कोण कशाला नेतो? आम्ही सरकारी बसने गेलो. माणशी ६ पटाका, कितीही लांब जा. हाँगकाँगचे डॉलरही चालतात, फक्त सुटे जवळ हवेत. कुणी त्या फुकट बसने गेलं तर आम्ही त्याला गुन्हेगार म्हणणार नाही. आमच्या मुलांसमोर मात्र आम्हाला ते नको होतं.

बसने आधी बाऱ्याला उतरावं, म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाला. तिथे समुद्राच्या देवीचं, आ-माचं, जुनं मंदिर आहे. पोर्तुगीज येण्याआधीपासून कोळी आणि खलाशी तिथे येत. गावाचं मकाऊ हे नावही या देवीच्या नावावरूनच पडलं असं मानतात. आम्ही बाहेरूनच पाहून पुढे निघालो.

तिथून चढाला लागलं की काही मिनिटांत उजव्या-डाव्या हाताला पाहत चालायचं नाही, सरळ समोर पाहायचं. दगडी जोत्यावर एक लांबलचक पिवळी-पांढरी इमारत दिसते. तीन बाजूंनी रुंद व्हरांडा, आणि व्हरांड्याला टोकदार कमानींची रांग. आमच्या अम्मी थबकल्या. "अरे, ही तर आपल्याकडची वाटते!" म्हणाल्या. आणि ती आपल्याकडचीच आहे, एका अर्थाने. १८७४ साली ही बराक बांधली गेली ती गोव्याहून आणलेल्या हिंदी सैनिकांसाठी. मकाऊच्या पोलिसांना मदत म्हणून पोर्तुगीजांनी त्यांना समुद्रापार नेलं होतं. नकाशा एका इटालियन माणसाने काढला, पण कमानींवर मुघल बांधणीची छाया स्पष्ट आहे. नाव पडलं 'मूरांची बराक'. मूर म्हणजे पोर्तुगीजांच्या तोंडी मुसलमान. आता गोव्याहून गेलेल्या त्या शिपायांत मुसलमान किती, ख्रिस्ती किती, हिंदू किती, हे या नावावरून कळायचं नाही. दुरून पाहणाऱ्याने सगळ्यांना एकाच नावात बांधून टाकलं. हा अनुभव आपल्याला अगदीच अनोळखी आहे असंही नाही.

आज तिथे सागरी वाहतुकीचं सरकारी कार्यालय आहे. आत जाता येत नाही, व्हरांड्यात मात्र येऊ देतात. आम्ही तिथे बराच वेळ काढला. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या मांडवी-जुवारीच्या काठचा एखादा पोरगा याच कमानीखाली पहाऱ्याला उभा राहून समुद्राकडे पाहत असेल. पणजीला मांडवीत आता कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर?

बराकीपासून थोडं वर झेंग ग्वानयिंग यांचं घर आहे. १८६९ च्या सुमाराचं, साठाहून जास्त खोल्यांचं, चौकाला चौक जोडलेलं. हे गृहस्थ व्यापारी आणि विचारवंत. चीन मागे का पडला आणि त्याने काय सुधारावं यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ त्या काळी फार वाचला गेला. घर पाहायला पैसे पडत नाहीत. शिपल्यांचे पातळ तुकडे बसवलेल्या खिडक्या पाहून आम्हाला गोव्याच्या जुन्या घरांची आठवण झाली. तिथेही काचेऐवजी शिपलेच असत.

पुढचा रस्ता सेनादो चौकात येतो. काळ्या-पांढऱ्या लहान दगडांची लाटांसारखी फरसबंदी, चारी बाजूंना कमानींच्या इमारती. गर्दी एवढी की मुलांचे हात धरून चालावं लागतं. चौकापुढे पिवळ्या रंगाचं सेंट डॉमिनिक चर्च आहे. १८२२ मध्ये चीनच्या भूमीवरचं पहिलं पोर्तुगीज वर्तमानपत्र इथूनच निघालं. गल्ल्यांची नावं निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत लिहिलेली. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला अशा पाट्या वाचताना वेगळीच मजा येते. इथली पाटुआ नावाची एक मिश्र बोली आहे, पोर्तुगीज, मलय, कँटोनीज आणि आपल्या बाजूच्या भाषांचेही शब्द पोटात घेतलेली. आता ती बोलणारी मोजकीच माणसं उरली आहेत.

पण या भागात आम्हाला सगळ्यात जास्त थांबवलं ते एका जुन्या सावकारी पेढीने. हमरस्त्यावरच, १९१७ सालची. आता तिचं संग्रहालय केलं आहे. दारातून आत शिरलं की आधी एक मोठी लाकडी आड येते, भिंतीसारखी. ती कशाला? गहाण ठेवायला आलेल्याचं तोंड रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. तिच्यामागे गल्ला माणसाच्या डोक्याच्याही वर. घेणारा वरून खाली पाही, देणारा हात उंच करून आपली वस्तू वर सरकवी. मागे माल ठेवायला दगडी मनोरा, किल्ल्यासारखा. ही पेढी काढणाऱ्यांपैकी एक शेठ पुढे मकाऊच्या जुगाराचाही ठेकेदार झाला. म्हणजे एका दारातून हरलेला माणूस बाहेर यायचा आणि दुसऱ्या दारातून त्याची अंगठी आत जायची, पैसा दोन्हीकडून एकाच घरात. सूद आणि जुगार यांची सोयरीक इतकी उघड आम्ही पुस्तकातही वाचली नव्हती.

हा सगळा इतिहास झाला असं मात्र समजू नये. कॅसिनोंच्या आसपास आजही अशा दुकानांच्या रांगा आहेत. तोंडात नाणं धरलेल्या वटवाघळाच्या आकाराची दिव्यांची पाटी, आणि काचेमागे घड्याळंच घड्याळं. मुलाने विचारलं, "एवढी घड्याळं कुणाची?" आम्ही उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "हरलेल्यांची ना?" वर्गात तासभर बोलून जे गळी उतरत नाही ते त्या काचेने दोन मिनिटांत सांगितलं. मोबाइलवर पत्ते आणि क्रिकेटच्या पैजा लावणारी पोरं आम्ही शाळेत पाहिली आहेत. त्यांना एकदा ही काच दाखवावी असं फार वाटलं.

मुलगी दहावीत आहे, तिचा सवाल जास्त अवघड होता. मकाऊ सरकारच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा वाटा जुगारावरच्या करातून येतो. त्याच पैशातून इथल्या मुलांना पंधरा वर्षांचं शिक्षण मोफत आहे, आणि २००८ पासून रहिवाशांच्या हातात दरवर्षी रोख रक्कमही दिली जाते. ती म्हणाली, "मग यातून लोकांचं भलंच झालं की!" सूरह अल-बकरामध्ये शराब आणि जुगाराविषयी बोलताना त्यात काही फायदा असल्याचंही नाकारलेलं नाही, नुकसान त्याहून मोठं, असं म्हटलं आहे. आम्ही तिला तेवढंच सांगितलं, आणि जोडीला इथलाच एक कायदा सांगितला. मकाऊमध्ये सरकारी नोकरांना कॅसिनोत पाऊल ठेवायची मनाई आहे, चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस सोडून. २०१९ च्या अखेरीपासून कॅसिनोत काम करणाऱ्यांनाही कामाच्या वेळेबाहेर तिथे जाता येत नाही. एकवीस वर्षांखालच्याला तर दारातच अडवतात. दुकानदार आपल्या घरच्यांना जो माल खाऊ देत नाही, तो माल कसा असेल? मुलगी गप्प झाली, पण पटलं की नाही ते आम्ही विचारलं नाही.

सेंट पॉल चर्चची फक्त पुढची भिंत उभी आहे, बाकीचं १८३५ च्या आगीत गेलं. मकाऊच्या सगळ्या चित्रांत हीच भिंत असते. जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांनी आणि चिनी पाथरवटांनी ती कोरली. जवळून पाहिलं तर चिनी अक्षरं आणि शेवंतीची फुलंही दिसतात. बाजूला जुन्या तटबंदीचा तुकडा आहे, माती, भाताचा पेंढा आणि कालवांच्या शिंपांचा चुरा कुटून केलेला. त्या मिश्रणाला पोर्तुगीज चुनांबो म्हणत. आपल्या चुन्याचाच तो भाऊ. वरच्या माँटे किल्ल्यावरून गाव दिसतं. १६२२ मध्ये इथल्याच तोफांनी डच लोकांचा हल्ला परतवला. आज त्या तोफांच्या तोंडासमोर कमळाच्या आकाराचा एक प्रचंड सोनेरी कॅसिनो उभा आहे, आणि तोफा गप्प आहेत.

मकाऊची मशीद बंदराजवळ, जलाशयाच्या काठी. रस्त्याच्या नावातही पुन्हा 'मूर' आहेतच. मशीद छोटी आणि साधी आहे, लगत कब्रस्तान, भोवती झाडं आणि पलीकडे उंच इमारती. पोर्तुगीजांच्या चाकरीत आलेल्या हिंदी मुसलमानांशी या जागेचं नातं सांगतात. आता इथे घरकामासाठी आलेल्या इंडोनेशियन भगिनी दिसतात, सुट्टीच्या दिवशी तर जास्तच. आम्ही असरची नमाज तिथे पढली. आपल्यासारखाच तिथेही किब्ला पश्चिमेकडे, त्यामुळे परक्या मुलुखात असल्यासारखं वाटलं नाही. मग कब्रस्तानात जाऊन दुआ केली. कुणाच्या कबरी, कुठल्या गावचे, काही ठाऊक नाही. अम्मी मात्र बराकीतल्या त्या शिपायांचं नाव घेऊन बराच वेळ उभ्या होत्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं. खाण्याची चिंता खरी आहे. हलाल मिळणारी ठिकाणं थोडी आहेत, त्यामुळे एका वेळचे पराठे-लोणचं बरोबर असू द्यावं. गल्लोगल्ली बदामाची बिस्किटं चाखायला हातावर ठेवतात. त्यात डुकराची चरबी किंवा मांसही असू शकतं, विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये. अंड्याच्या टार्टचंही तसंच, दुकानागणिक कृती वेगळी. हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि मकाऊहून परत हाँगकाँगलाच यायचं असेल तर तिचे नियम नीट वाचून निघावं. झेंग यांचं घर बुधवारी आणि किल्ल्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. रस्ते चढ-उताराचे आणि फरसबंदी पावसात निसरडी, तेव्हा घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर सकाळी बाऱ्याकडचा भाग करावा, दुपारी मशिदीत विसावा घ्यावा आणि किल्ला दुसऱ्या दिवशी.