एक कागद, आठ पृष्ठे

- इम्पोझिशन : छापलेल्या कागदाला घडी घातल्यावर क्रम बरोबर लागेल, अशी पृष्ठांची मांडणी.
- पान आणि पृष्ठ : एका पानाच्या दोन बाजू म्हणजे दोन पृष्ठे.
- एक घडी : ४ पृष्ठे. बाहेर ४–१, आत २–३. ए४ कागदाची ए५ पुस्तिका.
- मध्यभागी पिन : पृष्ठसंख्या ४च्या पटीत. कागदाच्या एका बाजूच्या दोन पृष्ठांकांची बेरीज एकूण पृष्ठांपेक्षा १ने जास्त.
- एकाच बाजूला छपाई : ८ पृष्ठे. वरच्या ओळीत उलटी ७–६–५–४, खाली सुलटी ८–१–२–३. मध्ये आडवा काप. ए४ची ए७ पुस्तिका (७४ × १०५ मिमी).
- साधने : इनडिझाइनमध्ये ‘प्रिंट बुकलेट’, लाटेकमध्ये ‘पीडीएफपेजेस’ पॅकेज.