दोन लाउडस्पीकर, पण डग्गा मुका!

मोटारीत नवे लाउडस्पीकर बसवून घेतले, पैसेही बरेच मोजले, आणि पहिलेच गाणे लावल्यावर लक्षात येते, की गायिकेचा आवाज स्वच्छ आहे, झांजा खणखणीत आहेत. पण तबल्यातील डग्गा मात्र जणू कोणी चादर टाकून झाकला आहे. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : "खर्ज हवा तर मोठा वूफर बसवा." विद्यार्थी मित्रहो, ही खरेदी करण्यापूर्वी एक बिनपैशाची चाचणी करता येते. मोटार उभी असताना पुढचेच दोन लाउडस्पीकर चालू ठेवा आणि स्टिरिओचा 'बॅलन्स' पूर्णपणे एका बाजूला फिरवा. आता एकच लाउडस्पीकर वाजेल. डग्गा पूर्वीपेक्षा भरदार ऐकू आला, तर दोष लाउडस्पीकरचा नाही, दोन तारांचा आहे.

दोघांपेक्षा एकट्याचा आवाज मोठा! हे कसे?

लाउडस्पीकरचा शंकू पुढे सरकला, की समोरची हवा दाबली जाते. मागे सरकला, की ती विरळ होते. आता समजा, एका लाउडस्पीकरच्या धन व ऋण तारा उलट जोडल्या गेल्या. मग डावा शंकू पुढे जाईल त्याच क्षणी उजवा मागे येईल. एकाने दाबलेली हवा दुसरा विरळ करणार. दोन बैल एकाच गाडीला विरुद्ध दिशांनी जुंपावेत, तसा हा प्रकार झाला.

पण मग झांजा कशा वाजतात? त्यांचाही आवाज नष्ट व्हायला हवा! याचे उत्तर तरंगलांबीत आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 345 मीटर धरा. 50 हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी 345 भागिले 50, म्हणजे 6.9 मीटर येते. 3450 हर्ट्झच्या तीव्र स्वराची तरंगलांबी भरते फक्त 10 सेंटिमीटर. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातील लाउडस्पीकर त्याच्या कानापासून 1 मीटरवर आणि डाव्या दारातील 1.6 मीटरवर आहे असे माना. हा 60 सेंटिमीटरचा फरक खर्जाच्या तरंगलांबीच्या अकराव्या हिश्श्याहूनही कमी आहे, म्हणून दोन्ही लहरी जवळजवळ नेमक्या विरुद्ध अवस्थेतच कानापाशी पोहोचतात. ढोबळ हिशेब केला, तर दोघांचा मिळून दाब एकट्याच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास भरतो. तारा सरळ असत्या, तर तो जवळजवळ दुप्पट झाला असता. तीव्र स्वरांचे तसे नाही. तेथे डोके 5 सेंटिमीटर हलले तरी बेरजेची वजाबाकी आणि वजाबाकीची बेरीज होऊ शकते. कोठे भर, कोठे तूट, असे होऊन एकंदर आवाज टिकून राहतो. फक्त गायिका समोर उभी राहून गात आहे असे न वाटता तिचा आवाज कोठून येतो तेच समजेनासे होते. ही खूणही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तारा तपासायला 1.5 व्होल्टचा साधा कोरडा घट पुरे. मात्र लाउडस्पीकरच्या तारा स्टिरिओपासून आधी सोडवून घ्याव्यात. घटाचे धन टोक लाउडस्पीकरच्या धन खुणेला जोडून, दुसरी तार ऋण टोकाला क्षणभरच टेकवा. शंकू पुढे उडी घेईल. मागे गेला, तर खूण किंवा जोडणी उलटी आहे. (तीव्र स्वरांच्या चिमुकल्या लाउडस्पीकरवर हा प्रयोग करू नये.) चूक सापडली, की एकाच लाउडस्पीकरच्या तारा बदलाव्यात. उत्साहाच्या भरात दोन्हींच्या बदलल्या तर पुन्हा जैसे थे!

तारा बरोबर असूनही खर्ज हलका असेल, तर दाराकडे वळावे. शंकू पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ करत असतो. खर्जाची कंपने संथ असल्यामुळे पुढची हवा कडेने वळून मागची उणीव भरून काढते, आणि आपल्या कानांपर्यंत फारसे काही येत नाही. जुन्या रेडिओतील सुटा लाउडस्पीकर वाजवत हातात धरा. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येईल. मग त्याच्याच मापाचे भोक पाडलेला मोठा पुठ्ठा त्याच्या तोंडाशी घट्ट धरा. खर्ज एकदम उमटतो. हा प्रयोग घरी अवश्य करावा. वर्णन वाचून त्यातील गंमत कळत नाही. मोटारीत पुठ्ठ्याचे काम दाराचा आतला पत्रा करतो. त्याला मोठी भोके असतात आणि ती पुष्कळदा प्लॅस्टिकच्या कागदाने झाकलेली असतात. लाउडस्पीकर बसवताना तो कागद फाटला, किंवा लाउडस्पीकरच्या कडेला फट राहिली, की खर्जाला पळवाट मिळालीच.

वास्तविक मोटार ही खर्जाला अनुकूल जागा आहे. आतली लांबी अडीच मीटर धरली, तर 5 मीटरपेक्षा लांब लहरी, म्हणजे साधारण 69 हर्ट्झच्या खालचे स्वर, तेथे नीट मावतच नाहीत. शंकू पुढे आला, की आतली सारी हवा पिचकारीतल्यासारखी एकदम दाबली जाते, आणि लहान शंकूही मोठे काम करून जातो. अर्थात काचा बंद असतील तर! म्हणून ऐकण्याची परीक्षा घेताना त्या आधी वर करून घ्याव्यात.