टायर मडगार्डला घासतो तेव्हा : योग्य माप कसे निवडावे



आपल्या मोठ्या गटातले बरेच जण आता सोळा-सतरा वर्षांचे झाले आहेत. लॉगबुकातले १२० तास भरत आले, की घरात पुढचा विषय निघतो तो जुनी गाडी घेण्याचा. कॅसल हिलला २०१९ साली मेट्रो आली खरी, पण इथल्या चढउताराच्या रस्त्यांवरून नोकरीवर किंवा क्रिकेटच्या सरावाला जायचे, तर गाडीवाचून अडतेच. जुनी गाडी बघायला गेले, की पुष्कळदा असे दिसते की आधीच्या मालकाने हौसेने मोठ्या रिम आणि रुंद टायर बसवले आहेत. गाडी रुबाबदार दिसते. पण स्टिअरिंग पूर्ण वळवले, की खालून ‘खर्र’ असा आवाज येतो. ‘त्याचे काही नाही, सगळ्याच गाड्यांना होते,’ असे विकणारा सांगतो.

त्याचे काही आहे. ते काय आहे, हे टेप आणि कागद-पेन्सिल घेऊन घरच्या घरी कसे ठरवावे आणि योग्य मापाचा टायर कसा निवडावा, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत. गणित सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही.

घासल्याने बिघडते काय?

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जाड असतो. बाजूची भिंत मात्र पातळ असते आणि तिच्या आतल्या दोऱ्यांच्या थरांवर सगळी हवा तोललेली असते. टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला अधूनमधून लागला, तर प्लॅस्टिक झिजते, फाटते. पण तो मडगार्डच्या लोखंडी कडेला लागत असेल, तर ती कड सुरीसारखे काम करते. प्रत्येक खड्ड्याला थोडे थोडे रबर सोलले जाते आणि एक दिवस आतले दोरे उघडे पडतात. असा टायर गल्लीत फुटला तर नशीब म्हणायचे. चार माणसे बसवून एम-टू मोटरवेवर वेगात असताना फुटला, तर गाडी हातात राहील याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

टायरवर लिहिलेले वाचायला शिकू या

टायरच्या बाजूला असे काहीतरी कोरलेले असते : २०५/५५ आर १६ ९१ व्ही. याचा अर्थ असा.

२०५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ही रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे, तर एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंतची.
५५ : बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या किती टक्के आहे ते.
आर : रेडियल, म्हणजे आतले दोरे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ आडवे घातलेले.
१६ : रिमचा व्यास, इंचांमध्ये.
९१ : एका टायरने किती वजन पेलावे याचा क्रमांक. ९१ म्हणजे ६१५ किलो.
व्ही : कमाल वेगाचे अक्षर. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर.

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी का, असा प्रश्न पडेल. पूर्वी सगळेच इंचांत असे. आई-बाबांना विचारा. बजाज चेतक स्कूटरचा टायर ३.५०-१० होता, म्हणजे साडेतीन इंच रुंद आणि दहा इंचांच्या रिमचा. मिशेलिन कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. पुढे रेडियल टायर जगभर पसरले आणि त्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिण्याची रीत पडली, पण रिम इंचांतच राहिली.

आता गणित

टायरचा पूर्ण व्यास म्हणजे रिमचा व्यास अधिक वरची भिंत अधिक खालची भिंत. भिंत दोनदा धरायची, हे विसरू नका.

२०५ चे ५५ टक्के = ११२.७५ मिमी
त्याची दुप्पट = २२५.५ मिमी
१६ इंच × २५.४ = ४०६.४ मिमी
पूर्ण व्यास = ६३१.९ मिमी

समजा, गाडीचे मूळ माप हे आहे आणि निरनिराळे लोक तुम्हाला निरनिराळे टायर सुचवतात.

२१५/५५ आर १६ : व्यास ६४२.९ मिमी, म्हणजे ११ मिमी जास्त.
२२५/५५ आर १६ : व्यास ६५३.९ मिमी, म्हणजे २२ मिमी जास्त.
२२५/५० आर १७ : व्यास ६५६.८ मिमी, म्हणजे २४.९ मिमी जास्त.
२२५/४५ आर १७ : व्यास ६३४.३ मिमी, म्हणजे फक्त २.४ मिमी जास्त.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, ५५ हा आकडा तोच ठेवून रुंदी वाढवली की उंचीही आपोआप वाढते, कारण ५५ टक्के हे रुंदीचेच असतात. दुसरी, रिम एक इंचाने मोठी घ्यायची असेल, तर भिंतीचे टक्के कमी करावे लागतात. शेवटच्या दोन ओळींत रुंदी आणि रिम तीच आहे, पण ५० आणि ४५ यांच्यातल्या फरकामुळे एक टायर बसतो आणि दुसरा घासण्याची शक्यता असते.

व्यास २२ मिमीने वाढला तर मडगार्डखालची जागा किती कमी होते? उत्तर २२ नव्हे, ११. टायर मोठा झाला की चाकाचा मध्य ११ मिमीने वर जातो आणि त्याच्याबरोबर गाडीही तेवढीच उचलली जाते. उरलेले ११ मिमी मात्र मडगार्डच्या जागेतून जातात. शिवाय मध्यापासून पुढे आणि मागेही टायर ११-११ मिमीने वाढतो. म्हणूनच स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो आधी लागतो.

उंची बरोबर, तरी घासतो?

मग रिम बघावी. रिमवर ‘ईटी’ अशी अक्षरे आणि पुढे एक आकडा असतो. रिम जिथे गाडीला टेकते ती जागा, रिमच्या बरोबर मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितके चाक गाडीच्या बाहेर येते.

उदाहरण घेऊ. मूळ रिम साडेसहा इंच रुंद, ईटी ५०. नवी रिम साडेसात इंच रुंद, ईटी ४०. रुंदी एक इंचाने, म्हणजे २५.४ मिमीने वाढली. ती दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी, १२.७ मिमी, वाटली जाते. त्यात चाक १० मिमी बाहेर सरकले. म्हणजे बाहेरची कड १२.७ + १० = २२.७ मिमी बाहेर आली आणि आतली कड १२.७ – १० = २.७ मिमी आत गेली. टायरचा व्यास अगदी मूळचा असला, तरी अशी रिम मडगार्डच्या कडेला लागू शकते. दोष टायरच्या उंचीचा नसून रिमचा असतो.

कुठे घासतो ते शोधावे

मोकळ्या, सपाट जागी घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन हे करावे. टायरच्या खांद्यावर, म्हणजे वरचा पट्टा आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथे, खडूने गोल रेघ ओढा. स्टिअरिंग आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवून गाडी अगदी हळू चालवा. मग इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून पाहा. खडू जिथे पुसला गेला असेल आणि मडगार्डच्या आत जिथे उमटला असेल, तिथे टायर लागतो.

पुढची चाके बहुधा वळताना घासतात, मागची चाके ओझ्याने. एकट्याने चालवताना गाडी गप्प असते, पण पाच जण आणि प्रसादाचे डबे घेऊन हेलेन्सबर्गच्या देवळात निघाले, की प्रत्येक गतिरोधकावर मागून आवाज येतो. म्हणून गाडी बघायला जाताना दोघे-तिघे जा आणि मागच्या सीटवर बसून फेरी मारा.

टायर मूळ मापाचाच असूनही घासत असेल, तर माप बदलू नका, कारण शोधा. स्प्रिंग खचलेली असेल, चाक फुटपाथच्या कडेवर आपटून काही वाकले असेल किंवा आतल्या प्लॅस्टिकची चाप निघाली असेल.

कायदा काय म्हणतो?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. गाडी बनवणाऱ्याने ठरवलेली टायरची मापे आणि हवेचा दाब तिच्यावर छापलेला असतो. हीच आपली पहिली आणि सर्वांत विश्वासाची जागा. हलक्या गाड्यांतील बदलांसाठी ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय नियमावली आहे, तिला ‘व्हीएसबी १४’ म्हणतात. साध्या मोटारगाडीसाठी तिच्यातले मुख्य मुद्दे असे.

१. टायरचा व्यास, कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा १५ मिमीहून जास्त मोठा किंवा २६ मिमीहून जास्त लहान नसावा.
२. रुंदी, कंपनीच्या सर्वांत रुंद टायरच्या १.३ पटीपेक्षा जास्त नसावी.
३. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर २५ मिमीहून जास्त वाढू नये.
४. चाके सरळ असताना टायर बॉडीच्या बाहेर डोकावू नये, आणि तो कुठेही घासू नये.
५. रिम आणि गाडी यांच्यामध्ये बाहेरून आणलेल्या चकत्या, म्हणजे स्पेसर, घालू नयेत.

आता वरची यादी पुन्हा वाचा. २१५/५५ आर १६ आणि २२५/४५ आर १७ व्यासाच्या नियमात बसतात, बाकीचे दोन बसत नाहीत. उंच फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे नियम निराळे आहेत. बदल करण्यापूर्वी पिंक स्लिप देणाऱ्या तपासनिसाला विचारलेले बरे. न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी ही तपासणी लागते, आणि आपण घेणार ती गाडी बहुधा त्यातलीच असते.

लाल ‘पी’वाल्यांसाठी आणखी एक इशारा. मीटर चाकाच्या फेऱ्यांवरून वेग दाखवतो. व्यास साडेतीन टक्क्यांनी वाढला, की एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते. मीटरवर पूर्वीइतकेच ९० दिसत असले, तरी खरा वेग पूर्वीपेक्षा ताशी सुमारे ३ किलोमीटरने जास्त असतो. लाल पाटीवर वेगमर्यादा कितीही थोडी ओलांडली तरी किमान ४ गुण जातात, आणि आपल्या खात्यात परवाना जाण्यापूर्वीचे गुण असतात तेवढेच. ‘मीटर कमी दाखवत होता’ हे उत्तर चालत नाही.

थोडक्यात

दाराच्या पट्टीवरचे माप घ्यावे. बदलायचेच असेल, तर व्यास मूळच्या शक्य तितका जवळ ठेवावा. वजनाचा क्रमांक मूळच्यापेक्षा कमी नसावा. रिमची रुंदी आणि ईटी दोन्ही तपासावे. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर काही मिलिमीटरने कमीजास्त भरतात, म्हणून अगदी काठावरचे माप टाळावे. आणि घासणारा टायर बसवण्यासाठी मडगार्ड ठोकून-कापून घेण्यापेक्षा टायर बदलणे केव्हाही शहाणपणाचे.

गृहपाठ

गाडीच्या पट्टीवर १९५/६५ आर १५ असे छापले आहे. पुढीलपैकी कोणते टायर व्यासाच्या नियमात बसतात?
(अ) २०५/६० आर १५ (आ) २१५/६५ आर १५ (इ) २०५/६५ आर १५

उत्तरे : मूळ व्यास ६३४.५ मिमी. (अ) ६२७ मिमी, बसतो. (आ) ६६०.५ मिमी, बसत नाही. (इ) ६४७.५ मिमी, बसतो. पण १३ मिमीने मोठा असल्यामुळे अगदी काठावर. आधी खडूची रेघ ओढावी, मगच पैसे मोजावेत.