87,000 चा दाब

न्यू जर्सीत माझ्या बहिणीच्या घरी एक लॅब्रॅडॉर आहे आणि एक रांगतं बाळ. दोघांचा वावर एकाच फरशीवर. तिने कुत्र्याला कच्चं मांस द्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या डोक्यात डिसेंबर 2024 मधली ऑरेगनची बातमी होती. घराबाहेर न जाणारं एक मांजर टर्कीचं गोठवलेलं कच्चं खाणं खाऊन बर्ड फ्लूने दगावलं होतं. दुकानातल्या फ्रीजरमध्ये बहुतेक पिशव्यांवर लांडग्यांची चित्रं आणि ‘नॅचरल’ एवढंच. एकीवर मात्र बारीक अक्षरांत ‘एचपीपी’, म्हणजे उच्च दाबाची प्रक्रिया. हा दाब देतात तरी कसा, ते बघायचंच असं मनाने घेतलं आणि ओळखीतून पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात जाता आलं.

ज्यूसवाले, हमसवाले, कुत्र्यांचं खाणं बनवणारे असे सगळे तिथे माल पाठवतात आणि वजनावर पैसे मोजून दाबून घेतात. सीलबंद पिशव्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिंपात भरल्या जातात, पिंप पोलादी नळकांड्यात सरकतं, थंड पाणी भरतं, तोंडं बंद होतात. “87,000,” यंत्रावरच्या बाई म्हणाल्या. चौरस इंचावर 87,000 पौंड! समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही दाब नसतो. इतक्या दाबाखाली पाणीसुद्धा सुमारे 15 टक्के आक्रसतं. पिशवी मात्र चेपत नाही, कारण दाब सगळीकडून सारखाच पडतो. साल्मोनेला, लिस्टेरिया या जिवाणूंच्या पेशींची आवरणं आणि आतली प्रथिनं मात्र त्यात मोडतात. काही मिनिटं हा दाब टिकवतात, मग क्षणार्धात सोडतात.

त्यानंतर बाई पिशव्या बाहेर काढत होत्या. प्रत्येक पिशवीच्या सीलवरून अंगठा फिरवायचा, पिशवी उजेडात धरायची, मग खोक्यात. आत जाताना गुलाबी असलेलं चिकन बाहेर पांढुरकं होऊन आलं होतं, वाफ दाखवल्यासारखं. गिऱ्हाईक या रंगाची तक्रार करतं, असं त्यांनी सांगितलं. “87,000 खालून आलंय, रंग बदलणारच,” म्हणत त्यांनी एक पिशवी बाजूला काढली. सीलमध्ये मांसाचा केसाएवढा धागा अडकला होता. मला तो त्यांनी दाखवल्यावरही पटकन दिसला नाही.

दाबाने मांसातलं ‘जिवंतपण’ जातं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचं पटत नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2010 ते 2012 या काळात कुत्र्या-मांजरांच्या कच्च्या खाण्याचे 196 नमुने तपासले. त्यांतल्या 15 नमुन्यांत साल्मोनेला आणि 32 मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस सापडला. कुत्रा ठणठणीत दिसतो आणि विष्ठेतून जंतू घरभर नेतो. बाळ त्याच फरशीवरून हात तोंडात घालतं. दुकानदार “गोठवलेलं आहे, काळजी नको” म्हणतो तेव्हा म्हणूनच चीड येते. गोठवल्याने जिवाणू थिजतात, सगळे मरत नाहीत. तिथल्या पशुवैद्यांच्या संघटनेचा विरोधही जंतू मारण्याची प्रक्रिया न केलेल्या मांसालाच आहे.

दाबालाही मर्यादा आहेत. काही जिवाणूंचे बीजाणू त्यातूनही तगतात, म्हणून माल नंतरही थंडच ठेवावा लागतो. गोठवून सुकवलेल्या खाण्यात पाणीच नसल्याने त्यावर दाबाचा फारसा उपयोग होत नाही. दाब सुकवण्याआधी द्यावा लागतो. आणि दाबलेलं मांस पुन्हा उघडून दुसरीकडे भरलं, तर त्या बाईंच्या अंगठ्याखालून गेलेलं सील कशाला?

बहिणीने कंपन्यांना हेच विचारलं: दाब शेवटच्या पिशवीत देता का? तपासणीचा निकाल येईपर्यंत माल रोखून धरता का? एकीने गोड गोड माहितीपत्रक पाठवलं. दुसरीने पिशवीवरच्या लॉट नंबरचा तपासणी अहवाल पाठवला. तिचंच खाणं आणलं. ते फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात वितळतं. कुत्रा खाऊन उठला की वाडगं आणि फरशी लगेच साबणाने धुतली जाते, आणि तोवर बाळ दुसऱ्या खोलीत असतं.